मारिओचं घराणं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजन समितीने मला विषय दिला होता ‘मुलं, मोबाइल आणि गेम : पालकांनी काय करावं?’ मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. मी समितीला म्हटलं, बोलते, पण थोडा फाटा फोडते. गेम वाईट कसे हे सांगणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. मी मात्र गेमची चाहती आहे, आज पंचेचाळीसाव्या वर्षीही खेळते. तेव्हा एका चांगल्या कंपनीचे जुने खेळ आणि येऊ घातलेले खेळ यांच्याविषयी बोलते. पालकांनी काय करावं, ते त्यातूनच शेवटी निघेल.

आधी एक प्रश्न. लहानपणी मारिओ खेळलेल्यांनी हात वर करा. (बरेच हात वर होतात.) बघा बाई, निम्मा वर्ग! आता, तो खेळ निन्टेंडो नावाच्या जपानी कंपनीचा आहे हे तेव्हा किती जणांना ठाऊक होतं? (हात खाली.) मलाही नव्हतं. आपण त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानात तो तासावर मिळायचा, किंवा दिवाळीच्या सुटीत ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी अख्खी गल्ली गोळा व्हायची. टीव्हीचं चॅनेल जुळवायचं, कॅसेट घालायची, नाही चालली तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’, आणि आत खेळ असायचे जेमतेम डझनभर, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकाने.

आपल्याकडच्या त्या बहुतेक पेट्या म्हणजे निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. आपल्या हातात त्याची नक्कल आली तोवर जपान पुढच्या यंत्रावर गेला होता. बऱ्याच कॅसेटवर मूळ कंपनीचं नाव खोडलेलं असे. म्हणजे ज्यांनी आपलं बालपण रंगवलं, त्यांचं नाव आपल्याला कळलं नाही आणि आपले पैसेही त्यांना कधी पोचले नाहीत. ‘कॉन्ट्रा’वाल्यांनी मात्र रागावू नका. तो खेळ कोनामी या दुसऱ्या कंपनीचा, पण चालायचा निन्टेंडोच्याच पेटीवर. आणि फुंकरीचं म्हणाल तर तिने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत घातल्यामुळे संपर्क नीट बसायचा, आणि फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या गंजायच्या.

ही कंपनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी ती सुरू केली, ती ‘हानाफुदा’ नावाचे फुलांचे पत्ते हाताने बनवण्यासाठी. १९४९ मध्ये त्यांचे पणतू हिरोशी यामाउची विशीच्या सुरुवातीलाच कंपनीचे अध्यक्ष झाले आणि २००२ पर्यंत राहिले. मधल्या काळात त्यांनी टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट शिजणारा भात विकून पाहिला. काही चाललं नाही. शेवटी चालली ती खेळणी.

खेळणी चालली ती ज्याच्यामुळे, तो माणूस मला फार आवडतो. गुनपेई योकोई. १९६५ मध्ये हे गृहस्थ निन्टेंडोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. रिकाम्या वेळात त्यांनी कात्रीसारखा उघडमीट होणारा एक लांब हात करमणुकीसाठी बनवला. अध्यक्षांनी तो पाहिला आणि रागावण्याऐवजी बाजारात आणायला सांगितला. पुढे आगगाडीत एक नोकरदार प्रवासी वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला योकोईंनी पाहिला, आणि त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. कॅल्क्युलेटरचा स्वस्त झालेला पडदा, घड्याळाचे सेल आणि खिशात मावणारा एक खेळ. आपल्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं जे बटण असायचं, तेही त्यांचंच. १९८२ मध्ये ते पहिल्यांदा ‘डाँकी काँग’च्या गेम अँड वॉचवर आलं.

योकोईंचं एक सूत्र होतं. त्याचा भावार्थ असा की तंत्रज्ञान नवंकोरं नको, मुरलेलं घ्या आणि त्याचा उपयोग मात्र कोणी केला नसेल असा करा. मुरलेलं म्हणजे स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष माहीत झालेत असं. १९८९ चा ‘गेम बॉय’ या सूत्रावर बनला. प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांना रंगीत, उजळ पडदे होते. गेम बॉयला हिरवट-करड्या चार छटा. पण सेगाचं रंगीत यंत्र सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचं आणि गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. मूल प्रवासात आहे, सेल महाग आहेत, यंत्र हातातून पडणार आहे, हे धरून केलेली ती रचना होती. त्याचे पुढचे रंगीत प्रकार धरून जवळजवळ १२ कोटी गेम बॉय खपले.

माझ्या नोकरीत दर दोन वर्षांनी कोणीतरी नवं तंत्रज्ञान घेऊन येतं आणि सगळे त्याच्या मागे धावतात. अशा वेळी मला योकोई आठवतात. आणि आपली प्रयोगशाळाही आठवते. एक तुटका सूक्ष्मदर्शक, दोन भिंगं आणि पन्नास मुलं. सरांनी त्यातच सगळं दाखवलं.

आता मारिओ. शिगेरू मियामोतो यांचा जन्म १९५२ चा, क्योतोजवळच्या सोनोबे या गावचा. शिक्षणाने ते इंजिनिअर नाहीत, औद्योगिक डिझाइन शिकलेले. १९७७ मध्ये ते कंपनीत आले. अमेरिकेत निन्टेंडोच्या एका पडलेल्या खेळाची यंत्रं गोदामात धूळ खात होती. त्याच पेट्यांत घालायला नवा खेळ बनव, असं या तरुणाला सांगण्यात आलं. तो १९८१ चा ‘डाँकी काँग’. त्यातला उड्या मारणारा सुतार म्हणजेच पुढचा मारिओ. अमेरिकेतल्या गोदामाचा मालक मारिओ सेगाले, त्याच्यावरून हे नाव पडलं.

मारिओला मिशा का, टोपी का, डांगरी का? आवड म्हणून नाही. हातावर मोजता येतील एवढ्या ठिपक्यांत माणूस काढायचा होता. तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून नाकाखाली मिशा. केस हलताना दाखवता येईनात, म्हणून टोपी. हात हलताना अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून वेगळ्या रंगाची डांगरी. जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा असा अडचणीतून तयार झाला.

आपण खेळलो तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ चा. मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला आणि संगीत दिलं कोजी कोंदो यांनी. यंदा त्याला ४० वर्षं झाली. त्या पेटीची कामाची स्मृती होती फक्त २ किलोबाइट. संपूर्ण खेळ, ३२ टप्पे, संगीत, चित्रं, सगळं मिळून ४० किलोबाइट. अंदाज यावा म्हणून सांगते. हे भाषण मी कम्प्युटरवर टाइप केलं. देवनागरीचं एक अक्षर किंवा एक काना साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या भाषणाची साधी फाइल जवळजवळ अख्ख्या मारिओएवढी भरते. तुम्हीच ठरवा, जागेचा उपयोग कोणी चांगला केला!

एवढ्या जागेत त्यांनी कसं भागवलं? आठवा ते वर तरंगणारे ढग आणि खाली जमिनीवरची झुडपं. दोन्हींचं चित्र एकच आहे. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. घरी जाऊन पडताळून पाहा. आपल्या आयांनी ताईचा फ्रॉक धाकटीला नवा करून दिला, तोच हिशेब.

मला मात्र मारिओचा पहिला टप्पा त्याहून मोठा वाटतो. आपल्यातल्या कोणीही त्याचं माहितीपत्रक वाचलं नव्हतं. कॅसेटबरोबर ते यायचंच नाही. मग खेळ शिकवला कोणी? खेळानेच. मारिओ डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून आपण उजवीकडे निघतो. थोड्याच वेळात ते तपकिरी डोकं चालत येतं. त्याला धडकलो की मरतो. नुकसान दोन सेकंदांचं, पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा उडी मारतो आणि उडी मारता मारता वरच्या प्रश्नचिन्हाच्या विटेवर डोकं आपटतं. नाणं निघतं. पुढच्या विटेतून अळंबी निघते. ती आधी दूर जाते, पाइपवर आपटते आणि परत आपल्याकडे येते. वर विटा असल्यामुळे उडी मारून तिला टाळणं अवघड. आपण घाबरतो, ती अंगावर येते आणि आपण मोठे होतो! पुढे पायऱ्यांच्या मधली फट येते तिला आधी तळ असतो. पडलात तर बाहेर येता. त्यानंतर तशीच फट येते, तिला तळ नसतो. आधी सराव, मग परीक्षा.

एकही शब्द न वापरता हा पाठ घेतलाय. आपल्या शाळेत गणित असंच शिकवलं जायचं. सर सूत्र आधी सांगायचे नाहीत. चार उदाहरणं अशा क्रमाने घालायचे की पाचव्याला सूत्र आपणच म्हणायचो. त्या वेळी त्यामागची तयारी दिसली नाही. आता रोज दुसऱ्यांनी वापरायच्या गोष्टी बनवते, तेव्हा कळतं की क्रम लावणं हेच खरं अवघड काम असतं.

‘डक हंट’चंही असंच. टीव्हीवर बंदूक रोखायची, बदक पडायचं आणि चुकलं तर तो कुत्रा दात काढायचा. मला तेव्हा कळेना, काचेपलीकडचं बदक पडतं कसं? मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, “बंदुकीतून काय बाहेर पडतं, आणि बंदुकीची तार कुठे जाते?” तार पेटीत जायची. मी बरेच दिवस त्यावर विचार केला. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नव्हतं. उलट टीव्हीचा उजेड बंदुकीत शिरत होता. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या तोंडाशी उजेड ओळखणारा एक भाग असतो. त्याला काळ्यानंतर पांढरं दिसलं तर नेम लागला. बदकं दोन असतील तर चौकोन एकापाठोपाठ उमटतात. हे सगळं डोळ्याला जेमतेम एक लुकलुक वाटावी इतक्या वेळात. म्हणूनच आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. या टीव्हीचं चित्र किंचित उशिरा उमटतं आणि तेवढ्यात हिशेब हुकतो. सर, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला इंजिनिअरिंगला गेल्यावर मिळालं. आज जाहीर देते.

आता मैत्रिणींसाठी. आठवतं ना, पहिला रिमोट नेहमी मुलांकडे असायचा? स्टँडसमोरच्या दुकानात तर मुलींनी जायचंच नाही. कोणाच्या घरी खेळायला मिळालं तर दुसरा रिमोट, म्हणजे हिरवा लुईजी. लुईजी म्हणजे तरी काय, मारिओचंच चित्र, रंग बदलून. मोठी झाल्यावर मी निन्टेंडोचा १९८६ चा ‘मेट्रॉइड’ खेळले. त्यात नखशिखांत चिलखत घातलेला एक योद्धा परग्रहावर एकटा उतरतो. खेळ पुरेशा वेगाने पूर्ण केला तर शेवटी चिलखत उतरतं आणि कळतं की सामुस आरान ही बाई आहे. लाखो मुलांनी तास न् तास जिच्या जागी स्वतःला पाहिलं, ती बाई होती! हे मला तेरा वर्षांची असताना कळायला हवं होतं.

याच मालिकेतला ‘मेट्रॉइड प्राइम ४’ या महिन्यात, ४ डिसेंबरला आला. त्याची गोष्ट आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ऐकावी. खेळ जाहीर झाला २०१७ मध्ये. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने चित्रफितीतून लोकांना स्पष्ट सांगितलं, की काम आमच्या दर्जाला उतरलेलं नाही, म्हणून आम्ही ते पहिल्यापासून सुरू करतो आहोत. मग आणखी जवळजवळ सात वर्षं गेली. तारीख पाळायची म्हणून अर्धंकच्चं काम ग्राहकाच्या गळ्यात मारणं रोज पाहणाऱ्या माझ्यासारखीला ही चित्रफीत दिलासा देते. मी सध्या खेळाच्या मध्यावर आहे. तेव्हा कोणी शेवट सांगू नका.

पहिल्यापासून लिहिण्याचा विषय निघाला, तर सातोरू इवाता यांचं नाव घ्यायलाच हवं. हे मुळात प्रोग्रामर. जपानमध्ये ‘मदर २’ नावाचा खेळ वर्षानुवर्षं अडकला होता, तो सोडवायला त्यांना बोलावलं. ते म्हणाले, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, पहिल्यापासून लिहायचं तर सहा महिने. पहिल्यापासून लिहिलं आणि १९९४ मध्ये खेळ बाजारात आला. २००२ मध्ये यामाउचींनी घराण्याबाहेरच्या या माणसाला कंपनीचा अध्यक्ष केलं. त्यांच्याच काळात २००४ चा ‘डीएस’ आणि २००६ चा ‘वी’ आला. वीचा रिमोट हातात धरून टेनिसची बॅट फिरवावी तसा फिरवायचा. आजी-आजोबाही खेळू लागले. दोन्हींचा खप दहा-दहा कोटींच्या पुढे गेला.

मग पडझड आली. २०१२ चा ‘वी यू’ दीड कोटीही खपला नाही. अशा वेळी कंपन्या काय करतात, ते या हॉलमधल्या काही जणांनी भोगलं आहे. इवातांनी २०१३ मध्ये भागधारकांना सांगितलं, की माणसं कमी केली तर राहिलेल्यांचं मनोधैर्य खचेल, आणि धास्तावलेली माणसं लोकांना आनंद देणारी वस्तू बनवू शकणार नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी काही महिने स्वतःचा पगार निम्मा केला. ११ जुलै २०१५ रोजी, अवघ्या ५५ व्या वर्षी ते गेले. ज्या यंत्राची तयारी त्यांच्या काळात झाली, तो ‘स्विच’ मार्च २०१७ मध्ये आला. घरात टीव्हीवर, बाहेर हातात. तो १५ कोटींहून जास्त खपला.

स्विचबरोबर आलेला ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा माझा सगळ्यांत लाडका खेळ. लहानपणी सोनोबेच्या आसपास टेकड्यांत आणि गुहांत भटकताना जे वाटायचं, ते मियामोतोंना पहिल्या झेल्डात आणायचं होतं. हा नवा खेळ त्या भटकंतीला सृष्टीचे नियम जोडतो. लाकूड जळतं. गवत पेटलं की हवा वर उठते आणि त्या झोतावर तुम्ही तरंगू शकता. वादळात अंगावर लोखंड असेल तर वीज पडते. कोडं कसं सोडवायचं हे ठरलेलं नाही, नियम तेवढे ठरलेले. ही कल्पना तपासायला त्यांनी आधी जुन्या झेल्डासारखा साधा, सपाट खेळ बनवून पाहिला होता. पुन्हा तेच, आधी मुरलेलं वापरून बघा.

मार्च २०२० मध्ये आपण सगळे घरात अडकलो, त्याच महिन्यात ‘ॲनिमल क्रॉसिंग’ आला. त्यात एका बेटावर घर बांधायचं, मासे पकडायचे, शेजाऱ्यांना भेटायचं. माझी भाची टोरांटोला आणि मी पुण्यात. रोज रात्री मी तिच्या बेटावर जाऊन झाडांना पाणी घालून यायचे. फोनवर काय बोलावं हे दोघींना सुचत नसे. झाडांना पाणी घालताना मात्र ती आपोआप बोलायची.

चाहती आहे म्हणून दोष झाकत नाही. या कंपनीचे खेळ महाग असतात. यंदा ५ जूनला ‘स्विच २’ आला, त्यासोबतच्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची अमेरिकेतली किंमत ८० डॉलर, म्हणजे सात हजार रुपयांच्या आसपास. आपल्याकडे यंत्र बहुतेक आयात केलेलंच मिळतं, त्यामुळे आणखी चढ्या भावाने. मोबाइलवर त्यांनी २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ आणला, एकदाच पैसे द्या आणि पूर्ण खेळ घ्या. त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा त्यांना २०१७ च्या ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ने मिळवून दिला. त्यात पुन्हा पुन्हा पैसे भरून सोडतीसारखी पात्रं काढायची असतात. म्हणजे मोह त्यांनाही सुटलेला नाही.

आता येणारे खेळ. स्विच २ पहिल्या चार महिन्यांतच एक कोटीच्या वर खपला आहे, आणि जुलैमध्ये त्यावर आलेला ‘डाँकी काँग बनान्झा’ मी पूर्ण केला आहे. त्यात भिंत असो, डोंगर असो, जवळजवळ सगळं ठोसे मारून फोडता येतं. ऑफिसमधून आल्यावर फार उपयोगी! १२ फेब्रुवारीला ‘मारिओ टेनिस फीव्हर’ येतोय. ५ मार्चला ‘पोकेमॉन पोकोपिया’, त्यात उजाड जागी झाडं-पाणी आणून प्राण्यांसाठी वस्ती उभी करायची आहे. लहान मुलं असतील तर मी याची वाट पाहायला सांगेन. ‘योशी’चा नवा खेळही २०२६ चाच, तो एका बोलक्या पुस्तकाच्या पानांत घडतो. मोठ्यांसाठी ‘फायर एम्ब्लेम’चा पुढचा भाग आणि फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा ‘द डस्कब्लड्स’. येत्या २१ फेब्रुवारीला झेल्डाला ४० वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने काहीतरी जाहीर होईल, अशी माझ्यासारख्या सगळ्यांची आशा आहे. एप्रिलमध्ये मारिओचा नवा चित्रपट आहे, आणि २०२७ मध्ये माणसांनी काम केलेला झेल्डाचा.

एवढं सगळं का सांगितलं? आपली मुलं जे मोबाइलवर ‘फुकट’ खेळतात, त्यातलं बरंचसं वेगळ्या हिशेबाने बनलेलं असतं. मूल किती मिनिटं थांबलं, उद्या परत आलं का, कुठे अडलं की पैसे काढतं, हे मोजून त्याप्रमाणे खेळ रोज बदलतात. मोजायची साधनं आमच्यासारखेच इंजिनिअर बनवतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर यंदा ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली, ते योग्यच झालं. पण कायदा सगळीकडे पोचत नाही. आणि आपण घरात सरसकट ‘गेम बंद’ म्हणतो तेव्हा पत्त्यांचा जुगार आणि मेंढीकोट यांना एकाच काठीने मारतो.

म्हणून मुलाच्या हातातल्या खेळाबद्दल तीन प्रश्न विचारा. हा खेळ कधी संपतो का? हरल्यावर तो पुन्हा प्रयत्न करायला सांगतो की पैसे मागतो? आणि शेजारी बसून बघणाऱ्याला मजा येते का? आपल्या मारिओला आठ किल्ले होते. प्रत्येक किल्ल्यात राजकन्या दुसरीकडे असल्याचं कळायचं, पण आठव्यात ती भेटायची. मग टीव्ही बंद करून आपण बाहेर पळायचो. एक जण खेळायचा आणि सात जण ओरडायचे, तरी आठही जण खेळलेले असायचे. ही तीन उत्तरं चांगली असतील तर खेळू द्या. जमलं तर शेजारी बसा, आणि दुसरा रिमोट तुम्ही घ्या.

आणखी एक मनातलं. त्या पहिल्या मारिओच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं येत नाहीत. कोजी कोंदोंची ती धून या हॉलमध्ये सगळ्यांना गुणगुणता येईल, पण त्यांचं नाव मला तिशी उलटल्यावर कळलं. ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांची नावं वेळेत कळावीत आणि ती त्यांच्यासमोर घेता यावीत, हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. आपल्याला ते आज मिळालं आहे. समोरच्या रांगेत बसलेल्या माझ्या सगळ्या बाई आणि सर, तुम्ही लावलेल्या क्रमाबद्दल मनापासून आभार.

जेवणानंतर प्रयोगशाळेत मी टीव्हीला स्विच जोडून ठेवणार आहे. चार रिमोट आहेत. पहिला गणिताच्या सरांचा, दुसरा विज्ञानाच्या सरांचा. उरलेल्या दोनांसाठी मुलींनी रांग लावावी. मुलांनी या वेळी मागे उभं राहून ओरडायचं काम करावं.